बोअरपासून शोषखड्डा किती लांब? टेप नंतर काढा, आधी जमिनीत पाणी ओतून बघा

सोलापूरच्या आसपास, म्हणजे बाळे, कुंभारी, देगाव, होटगी रोडच्या आतल्या बाजूला, जिथं अजून ड्रेनेज लाइन आलेली नाही तिथं मी बरीच वर्षं घरं बांधून देतोय. प्रत्येक मालक एकच प्रश्न विचारतो, सेफ्टी टँक बोअरपासून किती लांब घ्यायचा. (सेप्टिक म्हणायला पाहिजे, पण आपल्याकडं मिस्त्रीपासून मालकापर्यंत सगळे सेफ्टीच म्हणतात, आणि त्या नावामुळंच लोकांना वाटतं की टाकी बांधली म्हणजे झालो सेफ.) मग कोण म्हणतो १० फूट बास, कोण मोबाइलवर बघून येतो की १०० फूट पाहिजे, कोण ५०० मीटर म्हणून घाबरवतो. १०० फूट हा अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांचा नियम आहे. ५०० मीटरचा आकडा १९९३ च्या आपल्या जुन्या भूजल कायद्यातला, तो सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ नवीन विहीर किंवा बोअर घेण्याबद्दल होता, संडासाच्या टाकीशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्याकडं धरायचा तो आयएस २४७०, म्हणजे सेप्टिक टाकीचं भारतीय मानक. त्यात सांडपाणी जमिनीत सोडण्याची जागा, म्हणजे शोषखड्डा किंवा शोषचर, पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट, आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब ठेवायला सांगितलंय. बांधकामाच्या काही नियमावल्यांत १२ मीटर आणि २ मीटर असंही असतं, तुमच्या परवानगीला कुठला आकडा लागतो ते इंजिनिअरला विचारा. मी बोअर असेल तिथं १८ च्या खाली येत नाही.

आता लोकांची पहिली चूक. टेप टाकीपासून धरतात. अरे बाबा, टाकी नीट बांधली, आतून प्लास्टर घोटून केलं तर ती गळायला नको, घाण पाणी जमिनीत जातं ते शोषखड्ड्यातून. म्हणून टेप शोषखड्ड्याच्या कडेपासून धरायची, आणि ती फक्त आपल्या बोअरपर्यंत नाही, शेजाऱ्याच्या बोअरपर्यंत, मागच्या आडापर्यंत, बंद पडलेल्या हापशापर्यंतसुद्धा. कंपाउंडच्या भिंतीला पाणी थांबत नाही.

इथंच गुंठेवारीवाले अडकतात. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी टेप लावली तरी साधारण ४७ फूट भरतात. म्हणजे एका गुंठ्यात बोअरही आणि शोषखड्डाही असं १८ मीटरच्या हिशोबात बसतच नाही, कितीही वास्तू बघा. दोन गुंठे, ३३ बाय ६६, तिथं तिरके साधारण ७४ फूट मिळतात, पण मधे घर येतं. त्यामुळं बोअर मारायच्या आधीच कागदावर दोन टिंबं काढा. पाणाड्या नारळ फिरवून गेला, मशीन येऊन उभी राहिली, मग टाकीची जागा शोधायची, हे उलटं काम आहे.

उतार बघा. शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, कधीच वर नाही. आणि बोअर दिवसभर चालत असेल तर आजूबाजूचं पाणी त्याच्याकडंच ओढलं जातं, त्यामुळं उताराच्या भरवशावर अंतर कमी करू नका.

आता खरं अवघड काम, जमिनीची पाणी पिण्याची टेस्ट. इथं मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याच मेव्हण्याचं घर, काळी माती, मे महिना. मी टेस्ट केली, म्हणजे मला वाटलं केली. खड्डा काढला, दोन बादल्या पाणी ओतलं, १५ सेंटिमीटर पाणी अर्ध्या तासात गायब. म्हटलं वा, काय जमीन आहे, आणि शोषखड्डा करून मोकळा झालो. त्या वर्षी सप्टेंबरात (आपल्याकडं खरा पाऊस तेव्हाच) खड्डा तोंडापर्यंत भरला, संडासातून पाणी परत वर यायला लागलं, आणि ताई फोनवर काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. झालं होतं असं की मे महिन्यात काळ्या मातीला हात हात जाईल एवढ्या भेगा असतात, माझं पाणी मातीत मुरलंच नव्हतं, ते भेगेतून पळालं होतं. पाऊस पडला, माती फुगली, भेगा मिटल्या, आणि तीच जमीन एकदम प्लास्टिकच्या कागदासारखी झाली. शेजारी परत खड्डा काढून नीट टेस्ट केली तर अर्ध्या तासात पाणी फक्त ६ मिलिमीटर उतरलं.

नीट म्हणजे कशी, तर शोषखड्डा जिथं आणि जेवढा खोल करणार तिथपर्यंत १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचं भोक घ्या. बाजू टिकावाने किंवा खिळ्याने खरवडा, कारण पहारीने दाबून दाबून त्या गुळगुळीत होतात आणि पाणी घेत नाहीत. सुटी माती काढा, तळाला ५ सेंटिमीटर जाड वाळू टाका. मग वाळूच्या वर ३० सेंटिमीटर पाणी भरा आणि ते कमी झालं की परत भरत रहा, कमीत कमी ४ तास, मी म्हणतो रात्रभर. हीच ती स्टेप जी मी टाळली होती आणि आजही दहातले नऊ मिस्त्री टाळतात, "कशाला साहेब, बघा की गेलं पाणी" म्हणून. माती आधी पोटभर भिजून फुगली पाहिजे, मगच मोजायचं. दुसऱ्या दिवशी पाणी वाळूच्या वर १५ सेंटिमीटरवर आणा, आडवी पट्टी ठेवून तिथनं खाली मोजा, अर्ध्या तासाने परत मोजा. रात्रभरात खड्डा कोरडा झाला असेल तर चार तास दर अर्ध्या तासाला भरून मोजायचं आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरायचा.

हिशोब सोपा आहे, २.५ सेंटिमीटर उतरायला किती मिनिटं लागली ते काढायचं. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० असेल तर खड्डा नको, लांब चर काढा. ६० च्या वर गेलं तर त्या जमिनीत मुरवायचा नाद सोडा. मेव्हण्याच्या घरी खोट्या टेस्टमध्ये ५ मिनिटं आली होती आणि खऱ्यात १२५. एवढा फरक.

आणि उलटी भानगड पण आहे, ती जास्त वाईट. वरची माती काढून मुरमाच्या खाली गेलात, कातळ लागला, आणि पाणी सर्रकन गेलं, तर मिस्त्री खूश होतो. मी तिथं काम थांबवतो. आपल्या खाली बेसाल्टचा दगड आहे, तो अख्खा असतो तिथं थेंब घेत नाही आणि फट असते तिथं गाळत काही नाही, नळीतून सोडल्यासारखं पुढं पाठवतो. मातीतून हळूहळू जाताना जंतू अडकतात, मरतात, म्हणून तर अंतराला अर्थ आहे. फटीतून गेलेल्या पाण्याला १८ मीटर म्हणजे काहीच नाही. त्यात आपल्या बहुतेक बोअरला केसिंग (बोअरच्या आत बसवलेला पाइप) फक्त मुरूम संपेपर्यंत, खाली नुसतं दगडातलं भोक, म्हणजे ती फट सरळ बोअरमध्ये उघडू शकते. अशा जागी शोषखड्डा उथळ घ्या, मुरमातच थांबा, किंवा जागा बदला. पावसाळ्यात विहिरीचं पाणी किती वर येतं तेही बघा, दोन मीटरच्या आत येत असेल तर खोल खड्डा म्हणजे घाण थेट पाण्यात नेऊन ठेवणं.

सगळ्यात संतापजनक सल्ला म्हणजे "आटलेला बोअर आहे ना, त्यात सोडून द्या की ओव्हरफ्लो." हे सांगणाऱ्याला त्याच गल्लीतल्या बोअरचं पाणी प्यायला द्या. आटलेला बोअर भूजलापर्यंत जाणारं उघडं भोक आहे, तो भरून वर सिमेंटने बंद करायचा, विषय संपला.

तळ्याकाठी प्लॉट असेल तर अजून एक अंतर येतं. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत नियम आले त्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला बंदी आहे आणि पाणथळ जागेत प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायलाही. सिंचनासाठी किंवा पिण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या व्याख्येतून बाहेर ठेवलेत, त्यामुळं तलावाकाठचा माणूस लगेच म्हणतो मला लागू नाही. नसेल लागू. मी तरी ५० मीटरच धरतो, आणि तेही उन्हाळ्यात पाणी दिसतं तिथून नाही. काठच्या बाभळींना बघा, काट्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि वाळलेलं गवत कुठपर्यंत आहे ते, पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं असतं.

अंतरही बसत नाही आणि जमीनही पाणी घेत नाही, मग काय? टाकीनंतर खडीचा फिल्टर, ज्यात पाणी खालून वर चढतं, आणि त्यातून निघालेलं पाणी तळाला पक्का कोबा केलेल्या वाफ्यात, कर्दळ लावून. तेवढी जागा नसेल तर नुसती बंद टाकी आणि भरली की सक्शन टँकर. खर्च दर वेळी होतो, पण बोअर वाचतो.

टाकीचं बांधकाम सगळ्यांना येतं, फक्त रुंदी आतून ७५ सेंटिमीटर आणि पाण्याची खोली १ मीटर याच्या खाली नको, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. घराजवळ टाकी असेल तर व्हेंट पाइप (टाकीतला गॅस बाहेर सोडणारा) छपराच्या वर २ मीटर न्या. उपसायला माणूस आत उतरवायचा नाही, सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्या गॅसने जीव जातो.

काम झाल्यावर पहिल्या पावसानंतर बोअरचं पाणी तपासा. एचटूएसची बाटली (पाण्यात जंतू आहेत का ते बघायची) स्वस्त असते, खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी झाली तर पाण्यात घाण आहे, मग नमुना लॅबला द्या. आणि टाकीचं झाकण, शोषखड्डा, बोअर यांची अंतरं लिहून एक साधा नकाशा मीटरच्या पेटीत आतून चिकटवा, कारण तीन वर्षांनी टँकरवाला दारात येऊन विचारतो झाकण कुठाय, आणि तोपर्यंत तुम्ही त्याच्यावर फरशी घातलेली असते.