समुद्र आणि प्रयाणाचे लॅटिन-इंग्रजी शब्द : या चुका टाळा

लॅटिन किंवा इंग्रजी मजकूर मराठीत आणताना समुद्राच्या शब्दांपाशी हमखास फसगत होते, कारण हे शब्द दिसायला साधे असतात आणि कोशातला पहिला अर्थ लावला तरी वाक्य व्याकरणाने शुद्धच राहते. चूक उघडी पडते ती जहाजावर त्या क्षणी नेमके काय चालले आहे, हे विचारल्यावर.

सीझरने ख्रिस्तपूर्व 55 मध्ये ब्रिटनवर केलेल्या स्वारीचे वर्णन हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याने गॉलचा (आजच्या फ्रान्सच्या भागाचा) किनारा सोडला त्या वाक्यात 'सोल्वित' हे क्रियापद कर्माशिवाय एकटेच येते. 'सोल्वेरे' म्हणजे सोडणे, सैल करणे, ऋण फेडणे. त्यामुळे नवशिका वाचक 'काय सोडले?' याचे उत्तर शोधत वाक्यभर फिरतो. इथे 'नावेस', म्हणजे जहाजे, हे कर्म अध्याहृत आहे. जहाजे बंधनातून सोडली, म्हणजेच हाकारली, एवढाच अर्थ घ्यावा. त्याच वाक्यातला 'तिसरा विगिलिया' (विगिलिया म्हणजे रात्रीचा पहारा) मात्र आपल्याला अवघड नाही, कारण रोमन रात्रही चार भागांची असल्याने 'रात्रीचा तिसरा प्रहर' हे भाषांतर चपखल बसते.

त्याहून मोठा सापळा त्याच वाक्यात आहे. प्रयाणास योग्य 'तेम्पेस्तास' मिळाल्यावर सीझर निघाला, असे तिथे म्हटले आहे. इंग्रजी 'टेम्पेस्ट'च्या ओळखीमुळे अनेक जण इथे 'वादळ' लिहून मोकळे होतात, आणि रोमन सेनापती वादळाची वाट पाहत थांबला होता असा विचित्र अर्थ निघतो. मुळात या शब्दाचा अर्थ वेळ, आणि त्यावरून हवामान. गंमत अशी की, पुढे थोड्याच अंतरावर, घोडदळाची 18 जहाजे मंद वाऱ्यावर निघून ब्रिटनच्या दृष्टिपथात येतात तेव्हा अचानक 'तेम्पेस्तास' उठते, आणि तिथे ते खरोखरच वादळ आहे. म्हणून शब्दाआधी त्याचे विशेषण आणि क्रियापद पाहावे : 'योग्य' असेल तर हवामान, 'उठली' असेल तर वादळ.

'अल्तुस' या विशेषणाचा अर्थ उंचही होतो आणि खोलही. रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनिड' या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात ट्रोजन लोक सिसिलीचा किनारा मागे टाकून 'इन अल्तुम वेला दबन्त', म्हणजे भर समुद्राकडे शिडे सोडतात. याचे 'उंचावर शिडे दिली' असे भाषांतर वाचायला मिळते, तेव्हा जहाज डोंगर चढते आहे असेच वाटते. परंतु 'अल्तुम' म्हणजे नेहमीच भर समुद्र, असेही धरून चालू नये. सीझरची मोठी जहाजे ब्रिटनच्या किनाऱ्यालगत 'अल्तुम'मध्येच उभी करावी लागली, आणि तिथे फक्त खोल पाणी अभिप्रेत आहे.

संस्कृत जाणणाऱ्यांसाठी एक खास इशारा : लॅटिन 'वेला' म्हणजे शिडे, आणि आपली 'वेला' म्हणजे किनारा, भरती किंवा समय. नाद सारखा असला तरी नाते जुळवू नये. खरे नाते 'नाविस' आणि 'नौ' या शब्दांचे आहे. डोलकाठीला 'मालुस' म्हणतात, तर वाईट याला 'मलुस'. रोमन लिपीत दोन्ही सारखेच छापले जातात, देवनागरीत मात्र ऱ्हस्व-दीर्घाने प्रश्न सुटतो. कवी 'पुप्पिस', म्हणजे जहाजाची मागची बाजू, असे म्हणून अख्खे जहाज सुचवतात, आणि 'सल', म्हणजे मीठ, असे म्हणून समुद्र. तिथे शब्दशः जाण्याचा हट्ट करू नये.

इंग्रजीत 'सेट सेल' हा प्रयोग शिडे नसलेल्या जहाजालाही चालतो. टायटॅनिक 10 एप्रिल 1912 रोजी साउथॅम्प्टनहून निघाली. तिने 'शिडे उभारली' असे लिहिणे हास्यास्पद आहे, 'प्रस्थान ठेवले' एवढे पुरे. 'वे अँकर'मध्ये नांगराचे वजन केले जात नाही, नांगर उचलला जातो. 'शीट' हे शीड नव्हे, तर शिडाचे टोक ताणून धरणारा दोर होय. 'अंडरवे' म्हणजे जहाज चालू लागले, हाही गैरसमज आहे. 1972 च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांप्रमाणे जे जहाज नांगरलेले नाही, किनाऱ्याला बांधलेले नाही आणि रुतलेलेही नाही, ते 'अंडरवे'. इंजिन बंद करून नुसते तरंगत असले तरीही. मराठीत इंग्रजी 'द'सारखे उपपद नसल्याने आणखी एक भेद निसटतो : 'गो टू द सी' म्हणजे समुद्रावर जाणे, परंतु 'गो टू सी' म्हणजे खलाशी होणे किंवा सफरीवर निघणे.

बोधवाक्य म्हणून छापले जाणारे 'नाविगारे नेकेसे एस्त' हे रोमन सेनापती पाँपेचे मूळ लॅटिन वाक्य समजून उद्धृत केले जाते. रोमसाठी धान्य घेऊन निघताना वादळी वाऱ्यामुळे कचरणाऱ्या नाविकांना 'निघणे भाग आहे, जगणे भाग नाही' असे तो म्हणाला, ही नोंद चरित्रकार प्लुटार्कने ग्रीकमध्ये केली आहे. लॅटिन रूप हे त्या ग्रीक वाक्याचे भाषांतर आहे, तेव्हा अवतरणचिन्हांत ते पाँपेच्या तोंडी घालू नये.