जुनी काडतुसं झाडल्यावर नळी आधी पाण्यानं धुवा

परवाना तुमच्या नावावर आहे आणि जाणत्या गनस्मिथनं जुनी लष्करी रायफल तपासलीय, असं धरून लिहितो. पितळेवर हिरवा कळंक, गळ्याशी बारीक चीर किंवा सैल गोळी दिसली तर ते काडतूस वापरूच नका.

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याला, हात लावू नका. जुनी दारू उशिरा पेटू शकते. नळी निशाणाकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबा. आवाज दबका आला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून नळीत सळई घालून बघितल्याशिवाय पुढची गोळी मुळीच नको.

दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी बसवलेल्या, दारू पेटवणाऱ्या छोट्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा क्षार नळीत उरतो आणि हवेतलं पाणी ओढतो. गोव्याच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर विशेष, एका रात्रीतही गंज धरतो. नुसत्या तेलानं हा क्षार विरघळत नाही. त्याच दिवशी कढत पाणी नळीतून ओता, बोल्टचं तोंडही पुसा, कोरडं करा, मग तेल. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवा. तांबूस निघाली तर पुन्हा पाणी.