पायचे अंक झपाट्याने कसे काढावेत? चौकटीच्या वहीपासून कोट्यवधी अंकांपर्यंत

गेल्या जुलैत एका दुपारी हिंदमाताला पाणी भरलं, लोकल थांबल्या आणि परळच्या आमच्या चाळीत शिकवणीला आलेली सहा मुलं माझ्या खोलीतच अडकली. घरी फोन झाले, चहा-बिस्किटं झाली. मग दहावीतल्या श्रावणीने विचारलं, "मॅडम, २२/७ हा काही खरा पाय नाही. मग कॅल्क्युलेटरमध्ये जे अंक येतात ते आधी काढले कोणी आणि कसे?"

प्रश्न रास्त होता. २२/७ म्हणजे ३.१४२८…, तिसऱ्याच दशांश स्थळाला घसरलेला. पाणी ओसरेपर्यंत वेळच वेळ होता. मी सगळ्यांना चौकटीच्या वह्या काढायला लावल्या. त्या दुपारी केलं तेच इथे क्रमाने देते, आणि त्यापुढे संगणक काय करतो तेही. भागाकार नीट येणाऱ्या कोणालाही हे जमतं.

आधी हळू चालणारी रीत पाहून घ्या

चौदाव्या शतकात केरळच्या संगमग्रामच्या माधवाने एक मालिका दिली: १ − १/३ + १/५ − १/७ + … अशी बेरीज करत राहायची आणि शेवटी ४ ने गुणायचं, की पाय. दिसायला ही फार देखणी आहे, पण हिच्या मागे लागू नका. हजार पदं घेतली तरी उत्तर तिसऱ्या दशांश स्थळाच्या आसपासच चुकतं. दहा अंक हवे असतील तर पदं हजार कोटींच्या घरात जातात. माधवाला हे पुरतं ठाऊक होतं. त्याने √१२ घेऊन दुसरी, लवकर आटोपणारी मालिका वापरली आणि पाय अकरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर काढला. मला त्याचं मोठेपण या दुसऱ्या मालिकेत जास्त दिसतं.

तेव्हा कोणतीही रीत हातात घेतली की दोन प्रश्न विचारायचे. एका पायरीला किती नवे अंक मिळतात? आणि ती एक पायरी किती महाग पडते? पुढचं सगळं या दोन प्रश्नांभोवतीच फिरतं.

मॅचिनचं सूत्र: हाताने दहा अंक

१७०६ साली जॉन मॅचिनने हे सूत्र वापरून पायचे शंभर अंक काढले:

पाय ÷ ४ = ४ × टॅन इन्व्हर्स (१/५) − टॅन इन्व्हर्स (१/२३९)

टॅन इन्व्हर्स (१/५) म्हणजे ज्याचा टॅन १/५ आहे तो कोन. टॅन इन्व्हर्सची मालिका माधवाचीच आहे: क्ष − क्ष³/३ + क्ष⁵/५ − … क्ष च्या जागी १/५ घातलं की प्रत्येक घात आधीच्या घाताच्या पंचविसाव्या भागाइतका होतो. म्हणजे पदागणिक साधारण दीड अंक पदरात पडतो.

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे नुसते घात, उजवीकडे तोच घात ३, ५, ७… ने भागून आलेलं पद. बारा दशांश स्थळं धरा, दहाच हवी असली तरी. डावा रकाना खाली उतरताना २५ ने भागायचं असतं. पण भागत बसू नका, ४ ने गुणा आणि दशांशचिन्ह दोन घरं डावीकडे सरकवा.

घात ०.२, पद ०.२०००००००००००
घात ०.००८, पद ०.००२६६६६६६६६७ (वजा)
घात ०.०००३२, पद ०.००००६४००००००
घात ०.००००१२८, पद ०.०००००१८२८५७१ (वजा)

पुढची चार पदं ०.०००००००५६८८९, ०.००००००००१८६२ (वजा), ०.००००००००००६३ आणि ०.०००००००००००२ (वजा). आठच पदं, आणि बारा स्थळं संपली. बेरीज येते ०.१९७३९५५५९८५०. तिची चौपट ०.७८९५८२२३९४००.

२३९ चं काम त्याहून थोडं. १/२३९ = ०.००४१८४१००४१८, त्यातून घनाचं पद ०.०००००००२४४१७ वजा करा, उरलं ०.००४१८४०७६००१. तिसरं पद बाराव्या स्थळापर्यंत पोचतच नाही.

वजाबाकी: ०.७८५३९८१६३३९९. चारने गुणा: ३.१४१५९२६५३५९६.

खरी किंमत बारा स्थळांपर्यंत ३.१४१५९२६५३५९० आहे. आमचे शेवटचे दोन अंक ९६ आले, तिथे हवे होते ९०. मुलांचा चेहरा पडला, पण ते होणारच होतं. प्रत्येक पदात शेवटच्या स्थळाला अर्ध्या एककापर्यंत चूक राहते, आणि ती आधी ४ ने, मग पुन्हा ४ ने गुणली जाते. म्हणून तर दोन स्थळं जास्तीची धरली. ती टाकून द्या, ३.१४१५९२६५३६ हे दहा दशांश स्थळांचं उत्तर बिनचूक आहे.

एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक जण करतो. आमच्याकडे ओंकारने केली. त्याने पुढचा घात डाव्या रकान्यातून न काढता उजव्यातून, म्हणजे आधीच ३ ने भागलेल्या पदातून काढला. तिसरं पद ०.००००६४ ऐवजी ०.००००२१३ झालं आणि पाय आला ३.१४०९. उत्तर तिसऱ्याच स्थळाला बिघडलं असेल तर आधी रकाने तपासा.

१९४९ साली अमेरिकेतल्या एनिॲक संगणकाने हेच सूत्र वापरून २०३७ अंक काढले. त्याला सुमारे ७० तास लागले.

दर फेरीला अंक दुप्पट

मॅचिनच्या रीतीत अंक ठरावीक चालीने येतात. १९७६ साली रिचर्ड ब्रेंट आणि युजीन सलामिन यांनी, एकमेकांना न विचारता, जर्मन गणिती गाउसच्या जुन्या कामातून अशी रीत मांडली की प्रत्येक फेरीला बरोबर अंकांची संख्या दुपटीने वाढते. ही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघाच.

सुरुवात: अ = १, ब = १/√२, त = १/४, प = १.

एक फेरी अशी. अ आणि ब यांची सरासरी काढा, तो नवा अ. जुन्या अ आणि जुन्या ब यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा, तो नवा ब. जुन्या अ मधून नवा अ वजा करा, वर्ग करा, प ने गुणा आणि त मधून कमी करा. शेवटी प दुप्पट करा. पायची अंदाजी किंमत: (अ + ब) चा वर्ग भागिले ४त.

पहिल्या फेरीनंतर अ = ०.८५३५५३३९०६, ब = ०.८४०८९६४१५३, त = ०.२२८५५३३९०६, आणि पाय ३.१४०५७९… दुसऱ्या फेरीनंतर ३.१४१५९२६४६२… तिसऱ्या फेरीत अठरा दशांश स्थळं बरोबर येतात, ती दाखवायला साध्या कॅल्क्युलेटरची पट्टी पुरत नाही. पंचवीस फेऱ्यांत साडेचार कोटींच्या वर अंक मिळतात.

वर्गमूळ कसं काढायचं? आधीचा अंदाज आणि संख्येला त्या अंदाजाने भागून आलेलं उत्तर, या दोघांची सरासरी. १/√२ म्हणजे ०.५ चं वर्गमूळ. अंदाज ०.७ धरा: ०.५ ÷ ०.७ = ०.७१४२८५७, सरासरी ०.७०७१४२८६. पुन्हा एकदा तेच केलं की ०.७०७१०६७८. दोन भागाकारांत आठ अंक! भागाकारालाही अशीच युक्ती आहे. न चा व्यस्त हवा असेल तर अंदाज क्ष घेऊन क्ष × (२ − न × क्ष) काढत राहा. यात भागाकार मुळीच नाही. एवढी मजल मारल्यावर लक्षात येतं की वर्गमूळ आणि भागाकार दोन्ही शेवटी गुणाकारावरच येऊन टेकतात.

एक सावधगिरी. वर्गमूळाच्या रीतीत सुरुवातीला थोडे अंक धरले तरी चालतं, कारण पुढची फेरी मागची कसर भरून काढते. पायच्या या फेऱ्यांचं तसं नाही. पहिल्या फेरीपासून सगळे अंक धरावे लागतात, एकदा गेलेला अंक परत येत नाही. पायथॉन या संगणकभाषेत करणार असाल तर डेसिमल मॉड्यूलची प्रिसिजन (किती अंक धरायचे तो आकडा) हव्या त्या अंकांपेक्षा दहाने जास्त ठेवा. शंभर अंकांना ११० ठेवा आणि सहा फेऱ्या करा. तिथली साधी दशांश संख्या पंधरा-सोळा अंकांनंतर अडते, तिच्यावर हा प्रयोग करू नका.

पायरी स्वस्त कशी करायची

आता दुसरा प्रश्न. शाळेच्या पद्धतीने हजार अंकांच्या दोन संख्या गुणायच्या तर सुमारे दहा लाख छोटे गुणाकार होतात. १९६० साली मॉस्कोत गणिती कोल्मोगोरोव्हच्या चर्चासत्रात मुद्दा निघाला की याहून कमी कामात गुणाकार होणारच नाही. आठवड्याभरात तेविशीतल्या अनातोली करात्सुबाने तो खोटा ठरवला.

४७ × ८३ घ्या. ४ × ८ = ३२. ७ × ३ = २१. आता (४ + ७) × (८ + ३) = १२१, त्यातून ३२ आणि २१ वजा केले की ६८. जागच्या जागी मांडा: ३२०० + ६८० + २१ = ३९०१. चार गुणाकारांऐवजी तीन. दोन अंकांना हा खटाटोप वाटेल. पण १०२४ अंकांच्या संख्या अर्ध्या-अर्ध्या करत नेल्या तर शाळेच्या रीतीचे १०,४८,५७६ गुणाकार इथे ५९,०४९ वर येतात. याहून मोठ्या संख्यांसाठी १९७१ पासून शॉनहागे आणि स्ट्रासेन यांची आणखी जलद रीत आहे.

या गुणाकाराचा फायदा तेव्हाच होतो जेव्हा दोन्ही संख्या सारख्याच लांबीच्या असतात. लाख अंकी संख्येला दोन अंकी संख्येने गुणताना काहीच वाचत नाही. म्हणून मालिकेची बेरीज डावीकडून एकेक पद घेऊन करायची नाही, जोड्या लावून करायची. ही युक्ती मला सगळ्यांत आवडते, म्हणून इथे थांबून ती पुरती करून दाखवते.

पायऐवजी ई या संख्येवर दाखवते, तिची मालिका सोपी आहे. ई ही संख्या म्हणजे १ + १/१! + १/२! + १/३! + … (३! म्हणजे १×२×३). पहिला १ बाजूला ठेवा. पहिली जोडी: १/१ + १/(१×२) = ३/२. दुसरी जोडी ३ पासून नव्याने सुरू झाल्यासारखी: १/३ + १/(३×४) = ५/१२. जोडताना पहिल्याचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणा, दुसऱ्याचा अंश मिळवा: ३ × १२ + ५ = ४१. छेदांचा गुणाकार २ × १२ = २४. झाले ४१/२४.

तसंच ५, ६ चे ७/३० आणि ७, ८ चे ९/५६. दोन्ही जोडून ७ × ५६ + ९ = ४०१, छेद १६८०. आता दोन मोठे तुकडे जोडा: ४१ × १६८० + ४०१ = ६९२८१, छेद ४०३२०. बाजूला ठेवलेला १ मिळवला की १०९६०१/४०३२० = २.७१८२७८… खरी किंमत २.७१८२८१… सगळा प्रवास पूर्णांकांतून झाला, भागाकार केला तो एकदाच, अगदी शेवटी. लाखो पदं असली तरी रीत हीच, फक्त तुकडे लांबत जातात आणि जलद गुणाकाराला भरपूर काम मिळतं.

ई चा कोणताही घात काढायचा असेल तर घातांक आधी लहान करून घ्या. ई चा ०.८ वा घात हवा आहे, तर ०.८ तीनदा निम्मा करा, ०.१ होतो. १ + ०.१ + ०.००५ + ०.०००१६६६६७ + ०.०००००४१६७ + … असं सहा पदांत १.१०५१७०९१७ येतं. त्याचा तीनदा वर्ग करा: १.२२१४०२७६, १.४९१८२४६९, २.२२५५४०९१. सात दशांश स्थळं बरोबर. लॉगॅरिदम, साइन यांच्यासाठीही मोठे आकडे हाताळणारी सॉफ्टवेअर आधी क्ष लहान करून घेतात आणि मग मालिका चालवतात.

विक्रम करणारे काय वापरतात

१९१४ साली रामानुजनने पायसाठी अशी मालिका छापली की तिचं प्रत्येक पद आठ अंक देतं. नुसतं पहिलं पद, ९८०१ ÷ (२२०६ × √२), कॅल्क्युलेटरवर टाका: ३.१४१५९२७३. त्याच वळणावर १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डेव्हिड आणि ग्रेगरी चुडनोव्स्की बंधूंनी पदाला चौदा अंक देणारी मालिका शोधली. तिचं पहिलं पद: ४२६८८० × √१०००५ ÷ १३५९१४०९. हे आत्ता मोबाइलवर करा. तेरा दशांश स्थळं एका फटक्यात बरोबर येतात.

फेरीला दुप्पट अंक देणारी रीत हाताशी असताना पदाला चौदाच देणारी का घ्यायची? कारण हिच्यात जोड्या लावता येतात आणि पायरी स्वस्त पडते. ब्रेंट-सलामिनच्या प्रत्येक फेरीत पूर्ण लांबीचं वर्गमूळ काढावं लागतं. २०२२ साली एमा हारुका इवाओ यांनी गूगलमध्ये काढलेले एक कोटी कोटी अंक चुडनोव्स्कींच्याच मालिकेने आले.

पडताळा घेतल्याशिवाय उत्तर सांगू नका

इंग्लंडच्या विल्यम शँक्सने मॅचिनच्याच सूत्राने कित्येक वर्षं खपून १८७३ पर्यंत हाताने ७०७ अंक काढले. १९४० च्या दशकात फर्ग्युसनने वेगळं सूत्र वापरून मोजलं तेव्हा कळलं की शँक्सचा ५२८ वा अंक चुकला होता, आणि म्हणून पुढचे सगळेच. तेच गणित पुन्हा केलं तर माणूस तीच चूक त्याच जागी पुन्हा करतो. म्हणून पडताळा नेहमी दुसऱ्या सूत्राने घ्यावा.

हाताने करण्यासाठी गाउसचं सूत्र चांगलं आहे: पाय ÷ ४ = १२ × टॅन इन्व्हर्स (१/१८) + ८ × टॅन इन्व्हर्स (१/५७) − ५ × टॅन इन्व्हर्स (१/२३९). शेवटचं पद मॅचिनच्या कामातून आयतं मिळतं, पण ते उचलू नका, नव्याने काढा. इथे डाव्या रकान्यात ३२४ ने भागायचं असतं, आणि त्याला २५ सारखी पळवाट नाही.

त्या दिवशी सातच्या सुमारास पाणी उतरलं आणि मुलं घरी गेली. श्रावणीने वहीचं नवं पान उघडून १८ चे रकाने आखले होते, ते तसेच घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा १/१८ ची पाच पदं झाली होती, आणि चौथ्या ओळीतला भागाकार तिने स्वतःच खोडून पुन्हा केला होता.