वायंगणाचा तरवा पिवळा पडला तर युरियाची घाई नको

डिसेंबर-जानेवारीत गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे भागातल्या खोऱ्यांत पहाटेचा पारा किनाऱ्यापेक्षा खाली जातो आणि वायंगणाचा (रब्बी भाताचा) तरवा, म्हणजे लावणीआधीची रोपे, खुजा, पिवळट दिसू लागतो. हात आधी युरियाच्या पिशवीकडे जातो. तो आवरा.

थंडी लागली की भाताच्या पेशीचे आवरण ताठरते. ‘कोल्ड-१’ या जनुकाचे प्रथिन (चिनी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये ते उजेडात आणले) थंडी ओळखायला मदत करते, पेशीत कॅल्शियम शिरते आणि ‘ड्रेब-१’ गटातली जनुके चालू होतात. ती पुढे इतर अनेक जनुकांना कामाला लावतात. साखर, प्रोलीन (एक अमिनो आम्ल) आणि पेशी राखणारी प्रथिने साठू लागतात. या काळात हरितद्रव्य कमी बनते, वाढ खुंटते, मुळे अन्न कमी ओढतात. रोप उपाशी नसते, जीव राखत असते. तेव्हा दिलेले नत्र बरेचसे वाया जाते आणि लुसलुशीत पानांवर करपा रोग येतो. जया, ज्योती या आपल्या जाती भाताच्या इंडिका गटातल्या. जपोनिका या दुसऱ्या गटातल्या भाताइतकी थंडी त्यांना सोसत नाही, म्हणून आधार आपणच द्यायचा.

आधार पाण्याचा. संध्याकाळी तरव्यात शेंडे बुडणार नाहीत इतके पाणी भरा, सकाळी ऊन चढले की काढून माती तापू द्या. विहिरीचे पाणी पहाटे हवेपेक्षा उबदार असते. ते मिळत असेल तर फारच चांगले. ऊब परतल्यावर आठवडाभरात तरवा हिरवा झाला नाही, तरच खताचा विचार करा. खालच्या पानांवर तांबूस ठिपके असतील तर बहुधा जस्त कमी आहे. विभागीय कृषी कार्यालयात रोप दाखवा. लावणी दिवस मोजून नको, चार-पाच पाने आल्यावर करा.

तरव्यातली थंडी पीक भरून काढते, पोटरीतली (लोंबी खोडातून बाहेर पडण्याआधीची) नाही. परागकण तयार होताना रात्री सलग गारठा राहिला तर ते वांझ राहतात आणि लोंबीत पळिंज (पोकळ दाणे) भरते. ज्योतीसारखी हळवी (लवकर पिकणारी) जात ऑक्टोबरअखेर पेरली तर पोटरी नेमकी जानेवारीत येते. पेरणी नोव्हेंबरच्या मध्यानंतर करा. लवकर पेरले असेलच, तर मेरा (शेताचे बांध) बांधून पोटरीच्या दिवसांत रात्री वीतभर पाणी ठेवा. कोवळी लोंबी तेव्हा खोडात खालीच असते, पाण्याच्या उबेत राहते.