इंग्रजी ग्रुप प्रेझेंटेशनमधला अडखळा असा गेला

आमचा विषय होता ठाणे खाडीतले फ्लेमिंगो, प्रत्येकाला आपला भाग पाठ होता पण एकाचं संपलं की दुसरा सुरू होईपर्यंत नुसती शांतता. मग आम्ही काय केलं, प्रत्येकाने आपलं बोलणं पुढच्याच्या प्रश्नावर संपवायचं, म्हणजे मी "व्हाय डू दे कम हिअर?" म्हटलं की पुढची मैत्रीण लगेच खाडीतल्या शेवाळावर बोलायला लागणार. खरंच फार फरक पडला!! स्लाइडवर परिच्छेद नकोच, फोटो आणि एखादं साल बस, २०१५ अभयारण्य, २०२२ रामसर (म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव). ऐरोलीच्या खाडीकिनारी मोठ्याने प्रॅक्टिस केली, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं, वेग आपोआप कमी झाला. शब्द आठवला नाही तर सोप्या इंग्रजीत सांगा, सर ग्रामरपेक्षा मुद्दा कळला का ते बघतात.