सबव्हर्जनमधून गिटमध्ये जाताना प्रकल्पाचा इतिहास कसा सोबत न्यावा

सबव्हर्जन (एसव्हीएन) आणि गिट ही दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारी साधनं. आजचा कोड उचलायचा आणि गिटमध्ये कोरी रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) सुरू करायची, हा मोह टाळा. एखादी चमत्कारिक अट कुणी आणि कशासाठी घातली, हे बहुतेकदा जुन्या कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशातच सापडतं.

सगळ्यांत जास्त वेळ नावांना द्या. सबव्हर्जन कमिटसोबत फक्त युजरनेम ठेवतं. गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतात. एसव्हीएन लॉगमधून सगळी युजरनेम काढून एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा: डावीकडे युजरनेम, मग बरोबरचं चिन्ह, पुढे पूर्ण नाव आणि कोनी कंसात ईमेल. सोडून गेलेले सहकारीही यात हवेत. एक जरी नाव राहिलं तरी रूपांतर तिथेच अडतं. ते एक वेळ परवडलं, चुकीचं नाव मात्र महागात पडतं. कारण गिटमध्ये मागचा एक कमिट बदलला की त्यानंतरच्या प्रत्येक कमिटचा हॅश (त्याची ओळखखूण) बदलतो. म्हणून आधी रंगीत तालीम करा, आणि खात्री झाल्याशिवाय कुणालाही क्लोन करू (रिपॉझिटरीची प्रत घेऊ) देऊ नका.

आता 'गिट एसव्हीएन क्लोन' चालवा आणि त्याला नावांची ही फाइल द्या. ट्रंक (मुख्य कोड), ब्रँचेस (त्याच्या समांतर शाखा), टॅग्ज (ठरावीक आवृत्त्यांच्या खुणा) अशी नेहमीची रचना असेल तर 'स्टँडर्ड लेआउट' पर्याय पुरेसा आहे. नसेल तर तिन्हींचे मार्ग वेगळे सांगा. हजारो रिव्हिजन (सबव्हर्जनमधले क्रमांक दिलेले बदल) असतील तर सर्व्हरची प्रत आधी आपल्या मशीनवर घ्या, बराच वेळ वाचतो. मध्येच खंड पडला तर 'गिट एसव्हीएन फेच' उरलेलं काम पुढे नेतं.

'नो मेटाडेटा' हा पर्याय पुष्कळजण वापरतात. मी वापरत नाही. तो न वापरल्यास प्रत्येक संदेशाखाली जुना रिव्हिजन क्रमांक राहतो, आणि जुन्या बग नोंदींत तोच क्रमांक लिहिलेला असतो.

सबव्हर्जनचे टॅग रिमोट ब्रँच (दुसऱ्या रिपॉझिटरीतल्या ब्रँच) म्हणून उतरतात. त्यांचे खरे टॅग करा, हव्या त्या ब्रँच स्थानिक करा. दुर्लक्षित फाइल्सची यादी गिटच्या 'गिटइग्नोर' फाइलमध्ये हलवा. रिकामे फोल्डर गिट ठेवत नाही, तेही पाहा.

मग पडताळणी. ट्रंक आणि दोन-तीन जुने टॅग दोन्हीकडून बाहेर काढून फोल्डरची तुलना करा. ओळीच्या शेवटची चिन्हं किंवा आपोआप भरले जाणारे कीवर्ड यांतला फरक चालेल, बाकी काही नाही.

जुळलं की सगळ्या ब्रँच आणि टॅग नव्या सर्व्हरवर पुश करा (पाठवा). जुनी रिपॉझिटरी पुसू नका, फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवा.