घोडीवर बसता येत नाही तेव्हा तिला फिरवायचं कसं

पायाला प्लास्टर पडलं आणि डॉक्टर म्हणाले सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, नंतर अजून दोन महिने घोड्याचं नाव काढायचं नाही. मला पहिली आठवण झाली ती चांदणीची. माझी मारवाडी घोडी, सात वर्षांची, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली, रोज सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं तासदीड तास रपेट असायची आमची. घरातले म्हणाले अगं बरंय की, तिलाही जरा आराम. आणि तिथंच आमचं चुकलं. बाळंतपण असो, ऑपरेशन असो, परगावची बदली असो, घोडं पाळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते, म्हणून जे शिकले ते सगळं इथं सांगतेय.

घोडा हे बांधून ठेवायचं जनावर नाहीच मुळात. मोकळा असला की दिवसाचे पंधरा-सोळा तास एक घास एक पाऊल असं करत चरत राहतो, आणि त्याचं सगळं शरीर त्याच हिशोबानं घडलंय. पाऊल पडतं तेव्हा खुराच्या आतलं रक्त वर ढकललं जातं, चालण्यानं आतडी हलती राहतात. नुसता थानावर, म्हणजे बांधायच्या जागेवर, उभा राहिला की सकाळी मागचे पाय भरलेले दिसतात, बोट दाबलं की खळगा पडतो, लीद कमी आणि कोरडी होते, त्यातून पोट धरू शकतं. शिवाय डोकं. चांदणीनं चार दिवसांत गव्हाणीची लाकडी कड कुरतडली होती. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, तिन्हीचं उत्तर न फिरवल्यामुळं, हे कोडं लहानपणी आपण सगळ्यांनीच पाठ केलंय ना, त्यातल्या घोड्याचा अर्थ मला त्या आठवड्यात कळला.

आता सगळ्यात पहिलं काम, आणि हे फिरवण्याच्याही आधीचं, चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, कमी करा. ज्या दिवशी काम थांबलं त्याच दिवशी. आम्ही केली नाही. रपेट बंद, पण हरभरा आणि जव मिळून रोजचे तीन किलो तसेच चालू, कारण घोडी आशेनं बघायची आणि मामांना वाईट वाटायचं (मामा म्हणजे आमचे मोतद्दार, घोडीची देखभाल करणारे, गावात सगळेच त्यांना मामा म्हणतात). सहाव्या दिवशी पुतण्या म्हणाला काकू मी आणतो फिरवून, आणि त्यानं ती थेट कॅनॉलवर नेऊन भरधाव सोडली. अर्धा किलोमीटर गेली असेल नसेल आणि उभीच राहिली. मी कुबड्यांवर तिथं पोचले तेव्हा मान, काखा सगळं घामानं निथळत होतं, मागचे पाय हलत नव्हते, पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांडीच्या वरच्या भागावर, हात ठेवला तर दगडासारखा कडक. थोड्या वेळानं लघवी केली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. स्नायू फुटून त्यातला रंग लघवीत उतरतो आणि त्यानं मूत्रपिंडं जाऊ शकतात. जनावरांचे डॉक्टर फोनवर पहिलं वाक्य काय बोलले तर तिला एक पाऊलसुद्धा चालवू नका, आहे तिथं उभी ठेवा, पाणी ठेवा, मी येतो. सलाईन, इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, नशिबानं वाचली. इंग्रजीत याला मंडे मॉर्निंग डिसीज म्हणतात, कारण पूर्वी गाडीचे घोडे रविवारी उभे राहायचे, दाणा तेवढाच मिळायचा, आणि सोमवारी जुंपले की पाय धरायचे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीवानाला माहीत असलेली गोष्ट आम्हाला माहीत नव्हती, याचं मला अजून फार वाईट वाटतं.

तर चंदी निम्म्याच्या खाली आणा, अंगानं बरा असलेला घोडा असेल तर मूठभर ठेवली तरी चालते, नुसती सवय मोडू नये म्हणून. पोट भरायचं ते वैरणीनं. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो, आणि ती एकदम न टाकता दिवसातून चार वेळा टाका म्हणजे तोंड चालू राहतं. मीठ आणि पाणी कमी करायचं नाही. एक लक्षात ठेवा, दाणा कमी एका दिवसात करता येतो पण वाढवायचा मात्र आठ-दहा दिवस घेऊन, थोडा थोडा.

मग फिरवणं. लोकांना वाटतं बसल्याशिवाय व्यायाम होत नाही. वारीत माऊलींचा अश्व बघा. त्याच्यावर कोणी स्वार नसतो, अंकलीहून आळंदीला पायी येतो, आळंदीहून पंढरपूरला पायी जातो, आणि रिंगणात जेव्हा दौडतो तेव्हा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. रिकाम्या पाठीचा घोडा नुसत्या चालण्यानं किती तयार राहतो हे आपल्याच डोळ्यांसमोर दरवर्षी असतं.

आम्ही पुढं जे बसवलं ते असं (चांदणी आजारपणातून उठल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हापासून). सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी तीस मिनिटं हातात धरून चालवणं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. एकदाच दीड तास नेण्यापेक्षा दोनदा बरं, कारण मधले उभे राहायचे तास कमी होतात. चालवणाऱ्यानं घोड्याच्या खांद्याशी चालायचं, पुढं जाऊन ओढायचं नाही. आणि बागडोर हाताला कधी म्हणजे कधीच गुंडाळायची नाही, घोडा बुजून उधळला तर माणूस फरपटत जातो, दोरीच्या घड्या करून मुठीत धरायच्या म्हणजे सोडायची वेळ आली तर सुटते. नुसतं रेंगाळत नेलं तर काही उपयोग नाही, लांब ढांगा टाकत चालली पाहिजे, इतकी की शेजारच्या माणसाला थोडी धाप लागावी. चढ मिळाला तर फार चांगलं, हळूहळू चढ चढवला की पुठ्ठ्याचे स्नायू टिकतात. मध्येच थांबव, चार पावलं मागं घे, डावीकडं वळव, उजवीकडं वळव, यानं तिचं डोकं कामात राहतं. मी खुर्ची टाकून अंगणात बसायचे आणि मामांना सांगायचे, माझा आवाज ऐकून ती कान वळवायची, तेवढंच दोघींना बरं.

चालण्यावर दोन-तीन आठवडे नीट गेले की मग लंजिंग, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवणं. हे मी मुद्दाम दुसऱ्या नंबरवर ठेवतेय कारण आपल्याकडं हेच पहिलं करतात, तेही छोट्या गोलात, चाबूक उडवत, घोडं फेसाळेपर्यंत. लहान गोलात सांध्यांवर आणि शिरांवर (म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांवर) एकाच बाजूनं ताण येतो. गोल किमान अठरा-वीस मीटर रुंद पाहिजे, जमीन मऊ पण पाय रुतणार नाहीत अशी, पावसाळ्यात चिखल असेल तर सरळ रद्द. आधी पाच-पाच मिनिटं दोन्ही बाजूंनी चाल, मग दुडकी तीन मिनिटं डावीकडून, तीन उजवीकडून, थोडं चालवून परत एकदा, शेवटी दम खाली येईपर्यंत चाल. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून दोन किंवा तीनदाच. दोरी पक्क्या म्होरकीला, गळ्यात फास करून नाही. हातमोजे घाला, सुती दोरीसुद्धा साल काढते. आणि तीन वर्षांच्या आतलं शिंगरू असेल तर त्याला गोल फिरवूच नका.

मोकळं सोडायला जागा असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. पण सोडायच्या आधी ते रान स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मला जमत नव्हतं तर मी व्हिडिओ कॉलवर बांधाबांधानं बघितलं. कठडा नसलेली विहीर, काटेरी तार, कुंपणाची कण्हेर, घाणेरी, एरंड, कोवळी ज्वारी, यातलं एकही नको. कण्हेरीची थोडी पानंसुद्धा घोड्याला पुरतात. आणि बरेच दिवस बांधलेला घोडा पहिल्या दिवशी उधळणारच, म्हणून आधी अर्धा तास चालवून, वैरण खाऊ घालून मग सोडा, तेही तासभरच.

दुसऱ्या कोणाला बसू द्यायचं का? द्या, पण हलकं वजन, हलका हात, आणि तुम्ही सांगाल तेवढंच करणारा माणूस. हौशी पोरगा नको, कितीही जवळचा असला तरी. असा माणूस नसेल तर रिकामी पाठ बरी.

रोज सकाळी फिरवायच्या आधी पाच मिनिटं काढून चारी पायांवरनं हात फिरवा, गरम कुठं, सूज कुठं. चालल्यावर उतरणारी दोन्ही पायांची सूज ही उभं राहण्याची असते, पण एकाच पायाला असेल, गरम असेल किंवा लंगडत असेल तर फिरवणं बंद आणि डॉक्टर. खरारा दोन वेळा, चोळून, कामाला नाही म्हणून तो चुकवू नका. नालबंदाला पाच-सहा आठवड्यांनी बोलवायचंच. नाल झिजला नाही तरी खूर वाढतोच आणि वाढलेल्या खुराचा तोल जातो.

मला परत बसायला परवानगी मिळाली तेव्हा साडेतीन महिने झाले होते. तेव्हाही घाई करू नका, कारण घोड्याचा दम लवकर परत येतो पण शिरा आणि हाडं मागं राहतात, तो पळायला तयार दिसतो आणि पाय तयार नसतात. पहिले दोन आठवडे वीस मिनिटांपासून सुरुवात, फक्त चाल, खोगीर घातल्यावर तंग (पोटाखालचा पट्टा) आधी सैल आणि मग दोन टप्प्यांत आवळायचा, पाठ नाजूक झालेली असते. तिसऱ्या आठवड्यात सरळ रस्त्यावर दोन-दोन मिनिटं दुडकी, दौड दीड महिन्यानंतर, आणि चंदी या सगळ्याच्या मागं मागं वाढवायची, पुढं नाही. पहिल्या दिवशी कॅनॉलच्या त्याच वळणावर चांदणीनं मान खाली घालून लगाम मागितला. मी दिला नाही, मानेवरनं हात फिरवला आणि चालतच घरी आणली.